वहिनी, तुम्ही राखलेले लोखंड

सुमनवहिनी,

तुमची मधली खोली उघडली. कुलूप तुमच्याच हातचे, तेल घातलेले, म्हणून तुमच्या लेकीने, मृणालने, किल्ली लावताच ते मुकाट्याने उघडले. आत काय निघाले ते आधी तुम्हाला कळायला हवे. पण तुम्ही जन्मभर मुलींना गणित शिकवलेत, आणि पायऱ्या न मांडता उत्तर सांगणारीला खाली बसवलेत. तेव्हा पायऱ्या मांडतो.

यंदाच्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत मनात पूजेची मांडणीच चालली होती. अकोल्यात तुमच्या दारात पोचलो तर खोलीला कुलूप, आणि तुम्ही पलंगावर. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडत होते. तुम्ही मला जवळ बसवलेत आणि म्हणालात, "भाऊजी, यंदा माझ्यानं होत नाई. मागच्या वर्षीही अर्धंच झालं. कोणाले सांगू नका." मी म्हटले, मी करतो, मृणालला बोलावतो. तुम्ही मान हलवलीत. "आता नको. मी गेल्यावर उघडा. सलीम मिस्त्रीले घेऊन या अन् पहिले इंजिनचा क्रँक पाहा. त्याच्यावर गंजाचा एक जरी ठिपका असन, तर सारं भंगारात द्या. रडू नका. साफ असन, तर मृणाल म्हणन ते करा."

तुमच्या आवाजात विनंती नव्हती. परीक्षेचा नियम सांगावा तसे सांगितलेत. तुमच्या अर्ध्या आयुष्याच्या कामावर निकाल द्यायचा होता, आणि कसोटीही तुम्हीच ठरवलीत, तीही स्वतःला सवलत न देणारी. मी होकार दिला. त्या दिवसापासून तुम्हाला जाऊन महिना होईपर्यंत त्या एका ठिपक्याचे भय माझ्या मनातून गेले नाही.

या लेखात तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी यांतले मी काही लिहिणार नाही. ते सांगायला तुमच्या विद्यार्थिनी आहेत. मला त्या दिवसापासून सुरुवात करायची आहे, ज्या दिवशी तुम्ही मला प्रथम दिसलात. दीर म्हणून मी तुम्हाला कितीतरी वर्षे पाहत होतो, पण दिसलात त्या दिवशी.

दादांनी, माझ्या थोरल्या भावाने, कोर्टाला सुट्टी लागताच आपल्या जुन्या गाडीचे इंजिन उतरवले होते. सोबत सलीम मिस्त्री, तेव्हाचा तरणाताठा. पोर्चमध्ये चादरी अंथरून सुटे भाग ओळीने मांडलेले. ते काम तसेच उघडे असताना दादांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. घर माणसांनी भरले. चादरींवरून माणसे ये-जा करू लागली, कोणी पिस्टनला पाय लावून पुढे जाई, कोणी व्हॉल्व्ह उचलून पाही आणि भलतीकडे ठेवी. दहावाही झालेला नव्हता. सकाळी मी पोर्चमध्ये आलो तर तुम्ही खाली बसलेल्या, पदर खोचलेला, शेजारी रॉकेलची थाळी, आणि एकेक भाग धुऊन पुसणे चाललेले.

आईला ते सहन झाले नाही. "सुमन, सुतकात हे काय मांडलंस? लोक काय म्हणतील?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "सुतक मले हाये, आई. लोखंडाले नाई. त्याले पावसाळा हाये."

मी पाठशाळेत शिकलेला माणूस. अशौच कोणाला किती, कोणत्या नात्याला किती, याचा निर्णय लोक मला विचारायला येतात. त्या दिवशी मी नुसते वर पाहिले. आभाळ भरून आले होते. आई आत गेली. बाहेर आली ती जुन्या मऊ साडीचे तुकडे घेऊन. तुमच्यापुढे टाकून म्हणाली, "हे घे. त्या टॉवेलचं सूत निघतंय."

पुढे कळले की ही विद्या तुम्ही माहेराहून आणली होती. तुमचे वडील अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत फोरमन. कापसाचा हंगाम संपला की तिथली यंत्रे महिनोन्‌महिने निजत, आणि निजण्यापूर्वी त्यांना न्हाऊमाखू घालावे लागे. लहानपणी तुम्ही ते पाहिले होते. "बाबा म्हणत, चालतं मशीन स्वतःले सांभाळते. बंद मशीनले माणूस लागते." हे तुम्ही इतक्या सहज सांगितलेत की जणू लोणच्याची बरणी कशी राखावी ते सांगत आहात.

तुमची रीत मला आता तोंडपाठ आहे. आधी रॉकेलने धुणे, मग उन्हात चटका बसेल इतके तापू देणे, म्हणजे फटीतला ओलावा निघतो. ऊबदार असतानाच घट्ट तेलाचा हात फिरवणे. मग तेलात भिजवलेला कागद. वर्तमानपत्राचा मुळीच नाही, तो हवेतली ओल पितो आणि लोखंडाला पाजतो. गोणपाट नाही. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून तर नाहीच, आत घाम सुटतो. पेटी जमिनीवर नाही, पाटांवर. पेटीत निळ्या खड्यांच्या पुरचुंड्या. ओल पिऊन ते खडे गुलाबी झाले की पोळ्यांनंतर तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे. मृणाल सांगते, लहानपणी तिला वाटे की सगळ्यांच्या घरी पोळ्यांनंतर खडे भाजतात.

आणि क्रँक. इंजिनाचा तो कणा. तो आडवा ठेवला तर वर्षांच्या ओझ्याने किंचित वाकतो, म्हणून तुम्ही सुताराकडून लाकडी घोडी करून घेतलीत आणि तो कोपऱ्यात उभा ठेवलात, तेलकागदात आणि वरून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. तुमची एक दूरची मावशी आली होती ना, ती अंधारात त्याला देव समजून नमस्कार करून गेली. मी तिला सांगायला निघालो तर तुम्ही माझी बाही धरलीत. "राहू द्या, भाऊजी. नमस्कार कोणाचा वाया जाते का?"

दरवर्षी पावसाळा सरला की सगळे उघडायचे, पाहायचे, पुसायचे, पुन्हा तेल द्यायचे. त्यासाठी तुम्ही खंडेनवमी निवडलीत. शस्त्रांची, अवजारांची पूजा त्या दिवशी सगळेच करतात. पहिल्या वर्षी आई मोठ्या भक्तीने आली आणि जड चाकावर, तुम्ही फ्लायव्हील म्हणता त्यावर, ओल्या कुंकवाची पाच बोटे उमटवून गेली. तुम्ही पाहिलेत आणि काही बोलला नाहीत. सासूच्या हातचे कुंकू तिच्यादेखत कसे पुसायचे? पुढल्या वर्षी कागद सोडला तर कुंकू नव्हते. त्याच जागी, त्याच आकाराची, गंजाची पाच बोटे होती. तुम्ही बारीक घासकागद आणि तेल घेऊन दुपारभर घासलेत, गंज गेला, बोटांची सावली राहिली. आईने विचारले, "मागल्या वर्षीचं कुंकू कुठे गेलं?" तुम्ही म्हणालात, "आत गेलं, आई." आई प्रसन्न झाली. मी बाजूला उभा होतो. एवढे खरे आणि एवढे मऊ उत्तर मला सुचले नसते.

तिथून आपला वाद सुरू झाला, तो तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. मी म्हणे, पाण्यावाचून पूजा होत नाही. पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, सगळे पाणीच आहे. तुम्ही म्हणत, "तुमचा गणपती पाण्यानं खुश होते. हे पाण्यानं मरते. मंग मी काय करू?"

"निदान प्रोक्षण. दर्भाने दोन थेंब."

"थेंब कायले? तेल वाहा. मारुतीले चालते, शनीले चालते, याले काहून नाई चालत?"

मी पोथ्या चाळल्या. जो उपचार उपलब्ध नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, हे मला ठाऊक होते. पण पाणी उपलब्ध होते. ते वर्ज्य होते, ही अडचण. शेवटी तोडगा निघाला. संकल्प आणि पाण्याचे सारे विधी उंबऱ्याबाहेर, ताम्हण बाहेरच राहील. मी हात कोरडे करीन, रॉकेलने पुसीन आणि मगच आत येईन. घामात मीठ असते, उघड्या बोटाने लोखंडाला शिवायचे नाही, हा तुमचा दंडक. आमच्या घरातले सोवळे एवढे कडक नव्हते. मी दारात हात पुसत उभा असलो की आतून तुमचा प्रश्न येई, "झालं का रॉकेलचं आचमन, पंडितजी?" आणि तुम्ही हसत असा. वहिनी, तो तोडगा शास्त्राला मान्य आहे की नाही हे मी अजून ठरवलेले नाही. तुमच्याशी आणखी चार वर्षे भांडून ठरवण्याचा विचार होता.

दुसरा वाद यापेक्षा खोल होता. गाडीचा सांगाडा अंगणात सडला, तो तुम्ही एका सकाळी उचलून नेऊ दिलात आणि चहा करायला आत गेलात. "पत्रा नवा मिळते," एवढेच म्हणालात. मग इंजिन का राखता, आणि राखता तर जुळवत का नाही? सलीमभाई दर दिवाळीला विचारून जात. मी तर दरवर्षीच विचारी. तुमचे उत्तर ठरलेले. "जुळवलं का आतलं दिसत नाई, भाऊजी. सुटं असलं का हात पोचते." हे यंत्राच्या दृष्टीने खरेच आहे, सलीमभाईंनीही दुजोरा दिला. पण ते पुरे उत्तर नव्हते, हे तुम्हालाही ठाऊक होते आणि मलाही. एकदा मी म्हणालो, "वहिनी, हे तुमचे व्रत आहे." तुमचा चेहरा पालटला. "व्रत म्हणू नका. व्रताचं उद्यापन होते. हे काम हाये."

त्यानंतर मी तो शब्द तुमच्यासमोर उच्चारला नाही. मनात मात्र उच्चारत राहिलो. अविनाशी, अक्षर, अव्यय, हे शब्द मी आयुष्यभर शिकवले. जे नाश पावते त्याच्यापासून मन काढून घ्यावे, असे सांगितले. आणि वर्षातून एकदा अकोल्याला येऊन मी पाहत असे की एक बाई, जे नक्की नाश पावणार आहे त्याच्या समोर बसून, त्याला यंदा तरी नाश पावू देत नाही. यंदा. फक्त यंदा. पुढल्या वर्षीचे पुढल्या वर्षी. माझ्या शब्दांत याला जागा कुठे आहे, हे मला कळत नसे. मी नुसता पाहत बसे.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी खंडेनवमीला येणार नव्हतो. तुम्ही निरोप पाठवलात, पूजा नको, पण माणूस हवा. मी आलो. तुम्ही माझ्यापुढे व्हॉल्व्हची लाकडी फळी ठेवलीत, प्रत्येकाला आपापले भोक आणि आकडा. "एकेक काढा, पुसा, तेल द्या, ज्याच्या त्याच जागी ठेवा. अदलाबदल झाली तर बसत नाई." मी दुपारभर तेच केले. सांत्वनाचे एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत. उन्हे कलल्यावर चहा आणून ठेवलात आणि फळीवरून नजर फिरवून म्हणालात, "बरोबर हाये." कितीतरी दिवसांनी माझ्या हातून काही बरोबर झाले होते. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

आता खोलीत या.

सलीमभाई आले, दाढी पांढरी, गुडघे दुखरे, हाताला मात्र तीच पकड. मृणाल नागपूरहून आली होती. मी सवयीने उंबऱ्यावर थांबलो आणि हात पुसले. सलीमभाईंनी कोपऱ्यातला क्रँक घोडीसकट उजेडात ओढला, पांढरे कापड सोडले, मग कागद. कागद सोलताना तो अंगाला चिकटलेल्या सालीसारखा निघत होता, आणि खालून लोखंड उघडे पडत होते, काळसर, तुकतुकीत. निम्मे झाले. मग सलीमभाईंचा हात थांबला.

मधल्या गोल भागावर एक तपकिरी डाग होता. नखाएवढा.

मृणालने माझ्याकडे पाहिले. तुमचा नियम तिलाही ठाऊक होता, तुम्ही तिलाही वेगळे बोलावून सांगितला होता, हे मला तिच्या डोळ्यांत त्या क्षणी दिसले. मी मनात म्हटले, वहिनी, ही कसोटी फार कठोर आहे. शेवटच्या दोन वर्षांचा आजार त्यात धरायला नको होता.

सलीमभाईंनी चष्मा वर केला, डाग खिडकीकडे वळवला. नखाने खरवडला नाही. फडक्याचे टोक रॉकेलमध्ये बुडवून त्यावर ठेवले आणि तसेच दाबून धरले, ताप पाहायला कपाळावर हात ठेवतात तसे. मग पुसले. डाग फडक्यावर आला. खाली आरसा होता.

"तेल हाये," सलीमभाई म्हणाले. "जुनं तेल वाळून घट्ट होते, मधावानी. गंज नाई हे." पुन्हा बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली बसले. "पंडितजी, माझ्या गॅरेजमधी छतावर पत्रे, आत पंखा, तरी माझा माल दोन पावसाळे टिकत नाई. इथं भाभीनं एवढी वर्षं... एक दाग नाई. याले काय म्हणता तुमच्या भाषेत?"

मी रॉकेलचे फडके घेऊन त्यांच्या शेजारी बसलो.

मग एकेक उघडत गेलो. पिस्टन, त्यांच्या कड्या निराळ्या सपाट ठेवलेल्या. व्हॉल्व्ह आपापल्या जागी. प्रत्येक कागदाच्या घडीला तुमच्या अंगठ्याचा दाब. मला वाटले होते आपण सामान पाहणार आहोत. पण त्या घड्या उलगडताना तुमची किती वर्षे त्या खोलीत निमूट बसून होती, ते दिसत गेले, आणि माझा आवाज आपोआप खाली आला, गाभाऱ्यात येतो तसा.

"चाचा, जुळेल का हे?" मृणालने विचारले.

"जुळन ना. रबर अन् गास्केट नवे लागन, अन् चालवायले कार्बोरेटर मी लावतो कुठून तरी. बाकी सारं भाभीनं ठेवलं हाये."

आणि वहिनी, इतकी वर्षे 'जुळवा, जुळवा' म्हणणारा मी, त्या क्षणी 'नको' म्हणणार होतो. जुळले की ही खोली रिकामी होईल. सुटे असले की हात पोचतो, हे तुमचे उत्तर मला पहिल्यांदाच आतून कळले. पण तुम्ही निर्णय माझ्या हाती दिलेला नव्हता. मी मृणालकडे पाहिले.

ती म्हणाली, "काका, बाबांचा चेहरा आठवतो. गाडीचा रंग आठवतो. आवाज आठवत नाही. आईला मी किती वेळा विचारलं, आवाज कसा होता गं? ती म्हणायची, सांगून नाही समजत. मला ऐकायचाय."

तिने मागितले ते एवढेच. तुम्ही कशाची वाट पाहत होता याचा मला आता अंदाज आहे. पण तुम्ही ते बोलून दाखवले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये इंजिन जुळले. गाडी नव्हती, म्हणून लोखंडी चौकटीवर बसवले. काल सकाळी मृणाल आणि मी तिथे गेलो. मी पूजेचे साहित्य नेले होते, ते पिशवीतच राहिले. सलीमभाईंनी बॅटरीच्या तारा जोडल्या आणि एकदा फिरवले. नुसती घरघर. पुन्हा फिरवले. इंजिनाला ठसका लागला आणि ते गप्प झाले. मृणालने ओठ घट्ट मिटले. तिसऱ्यांदा आतून एक धडका आला, मग दुसरा, मग ते धडके एकमेकांत मिसळले आणि इंजिन चालू झाले.

त्याच क्षणी नळीतून धूर सुटला. पांढरानिळा, दाट, थांबता थांबेना. गॅरेज भरले, समोरचा रस्ता दिसेना. मी घाबरून मागे सरलो.

"घाबरू नका, पंडितजी," सलीमभाई आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "बिघाड नाई हा. भाभीचं तेल जळून राहिलं. आत जेवढं लावलं होतं तेवढं निघन."

मृणाल मागे सरली नाही. ती पुढे गेली, त्या धुरात उभी राहिली, डोळे मिटून, आणि तिने खोल श्वास घेतला. तुमच्या हाताने वर्षानुवर्षे चढवलेले ते सगळे तेल तिच्या केसांवरून, खांद्यावरून वर जात होते. मी हात जोडले, कोणाला ते मला सांगता येणार नाही.

धूर हळूहळू विरळ झाला. नळीच्या तोंडाशी हवा तेवढी थरथरत राहिली. तुमचे तेल संपले होते. आवाज आता एकसारखा, खालच्या पट्टीत, स्थिर झाला होता. इंजिन आपल्या बळावर चालत होते.

सलीमभाईंनी हात तारेवर ठेवून आमच्याकडे पाहिले. "बंद करू का?"

मृणाल म्हणाली, "थांबा ना, चाचा. थोडं आणखी."